मोहफुलांनी भरलेलं दप्तर

आज पहाटे दार उघडलं आणि वास आला. यंदा जरा लवकरच म्हणायचा, अजून होळीच्या गोवऱ्या मागच्या अंगणात तशाच पडून आहेत. गोड, जड, घशाला चिकटणारा वास. मोहाची फुलं पडायला लागली. गावातल्या बायकांना हा वास आला की हुरूप येतो. टोपल्या शेणाने सारवून ठेवतात, बांधावरच्या झाडाखालचा पाला झाडून जमीन लख्ख करतात, फूल वेचताना दिसावं म्हणून. मला मात्र या वासाने धड बसवत नाही. मी तशीच मागे वळते, खाटेपाशी जाते आणि पोरगी जागेवर आहे ना ते पाहते.

जागेवरच असते. सलोनी आता सातवीत आहे. खाटेत मावत नाही, एक पाय बाहेर लोंबतो, डासांसाठी ओढणी तोंडावर घेतलेली. तरी मी जवळ जाऊन पाहतेच.

"आई, काऊन उभी हायेस डोक्यापाशी?" ओढणीच्या आतून आवाज.

"काई नाई. झोप तू."

"मोहा पडला ना?" ती म्हणते आणि कुशीवर वळते. तिला सगळं कळतं माझं.

मग चहा उतू जातो. झाडू कुठे ठेवला ते सापडत नाही. आमचे हे दात घासता घासता म्हणतात, "झालं हिचं सुरू." मी म्हणते, "तुम्ही गप राहा जी." आणि सकाळपासून आत-बाहेर, आत-बाहेर. हा महिना असाच जातो. दरवर्षी जातो. यंदा तर त्यात भर पडली आहे, पण ते पुढे सांगते.

आमची चक्की आहे. नागभीडच्या बाजूचं हे गाव, सगळं धानाचं, म्हणून पावसाळा सरला की भरडाई आणि एरवी दळण. मार्चमध्ये मिरची आणि हळद. मिरचीच्या दिवसांत आमच्या घरात येणारा माणूस आधी शिंकतो, मग बोलतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी यंत्राच्या वर आवाज काढून बोलते. माहेरी गेले की आई म्हणते, हळू बोल, इथी कोणी बहिरं नाई. पण सवय झाली ती झाली. माझा आवाज मोठा आणि डोकं तापट, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सलोनीच्या निमित्ताने कळलं.

आम्हाला मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले. मग आम्ही दत्तकासाठी शहरातल्या संस्थेत नाव घातलं आणि वाट पाहिली. लोकांना तान्हं बाळ हवं असतं. आम्हाला विचारलं, मोठी मुलगी चालेल का? आमचे हे माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, पोरगी का बैल आहे? अशी सलोनी आली. सहा वर्षांची, केस बारीक कापलेले, आणि प्रत्येक मोठ्या बाईला 'मॅडम' म्हणणारी. संस्थेत सगळ्या मॅडमच होत्या ना. काही महिन्यांनी मला आई म्हणायला लागली, पण रागावली की पुन्हा 'मॅडम'. "मॅडम, मी जेवत नाई." तो शब्द असा लागायचा मला! तिलाही ते माहीत होतं, म्हणूनच म्हणायची.

घरी ती जमत गेली. घरी दारं उघडी असतात, चक्कीवर दिवसभर माणसं येतात जातात, कोणी कोणाला एका जागी बस म्हणत नाही. अडचण झाली शाळेत. दार लावलं की ती उठायची. हजेरीला नाव पुकारलं की बेंचखाली जायची. कोणी मागून खांद्याला हात लावला तर चावायची. आणि खाणं! खिचडी वाटायला लागले की ही रांगेत सगळ्यात पुढे, आणि खाऊन झाल्यावर उरलेली मुठीत, खिशात, कंपासपेटीत. घरी मी कपडे धुवायला काढले की फ्रॉकच्या खिशातून वाळलेला भात निघायचा. उशीखाली पोळीचे तुकडे. मी फक्त मुंग्या झाल्या की झाडून काढायची.

शाळेतून फोन यायचे. चक्कीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून मी तो कमरेला खोचून ठेवायची, थरथरला की कळावं. दिवसातून कधीही थरथरायचा. सलोनीनं वही फाडली. सलोनी भिंतीवर चढली. सलोनीनं थाळी फेकली. हात मिरचीने माखलेले, तसेच पदराला पुसायचे आणि निघायचं. आजही कमरेपाशी काही हललं, साधं लुगड्याचं टोक हललं, तरी माझा हात आधी तिथे जातो.

आणि सल्ले! दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई सोबत एक सल्ला घेऊन यायची. धाक दाखवा. माया लावा. देवीला न्या. मिरच्यांनी नजर उतरवा. आता आमच्या घरात दिवसभर मिरचीच उडत होती, कोणाची नजर टिकली असती तिथे? कोणी रोवण्याचा, धानाची रोपं शेतात लावण्याचा दाखला द्यायचं. परा उपटून बांधीत लावला की आधी पिवळा पडतो बाई, मग मूळ धरतो. मी धानाच्या घरातली, मला हे माहीत नाही का? पण पऱ्याला कोणी वर्गाबाहेर उभं करत नाही, हे मी त्यांना सांगायची. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "कोणाचं रक्त हाये, कोण जाणे, आपलं ते आपलंच." मी तिच्या ज्वारीचं पीठ असं जाडंभरडं काढून दिलं की तिच्या भाकरी महिनाभर फाटल्या असतील. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

त्या साली, सलोनी दुसरीत होती तेव्हा, मोह असाच भरभरून पडला होता. शाळा सकाळची झालेली. परीक्षा तोंडावर. निम्मी लेकरं आईबापांसोबत फुलं वेचायला जायची आणि उशिरा पेंगत वर्गात यायची, हातांना तो गोड चिकट वास. सलोनीही शेजारच्या सीताबाईबरोबर जायची. सीताबाईचं झाड तिच्या बांधीच्या कडेला, तिच्यामागे लगेच जंगल सुरू. तिथे ती पोरगी शहाण्यासारखी असायची. कोणी दार लावत नाही, कोणी नाव पुकारत नाही, पडलेलं फूल वेचायचं आणि टोपलीत टाकायचं. सीताबाई म्हणायची, "तुह्या पोट्टीचा हात लई चालते वं. काई त्रास नाई तिचा." हे वाक्य ऐकायला मी इतकी आसुसलेली होते की सीताबाईचं हळकुंड दोनदा दळून दिलं, बारीक व्हावं म्हणून.

मग तो दिवस आला. शाळेत एका पोराने गमतीने सलोनीच्या थाळीतली खिचडी उचलली आणि हिने त्याच्या मनगटाला दात लावले. रक्त आलं. त्याची आई चक्कीवर येऊन मला काय काय बोलली ते लिहीत नाही. माझ्याही तोंडाला कुलूप नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि म्हणाले, "बाई, बाकीच्या लेकराईचे मायबाप मले धरून राह्यले. या पोरीले निवासी शाळेत टाका. तिथी शिस्त लागते. राहणं, खाणं, सगळं तिथीच. तिले सवय बी हाये तशा जागेची."

सवय आहे! मी उठून उभी राहिले. यांनी माझा हात दाबला म्हणून, नाहीतर त्या टेबलावर काय काय सांडलं असतं. सलोनीच्या वर्गाच्या कोवे मॅडम, नवीनच लागलेली तरुण पोरगी, कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, परीक्षेपर्यंत तरी पाहू." सर म्हणाले, "पाहू. पण आता काई झालं तर माह्याच्यानं होणार नाई."

घरी आल्यावर चक्की सुरू केली, कारण लोक पोती घेऊन बसले होते, आणि मग भांडायला लागलो. आमची भांडणं चक्की सुरू असतानाच होतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, दळणाचं काही विचारून राहिले. मी घमेल्यात मिरची ओतत होते आणि ओरडून सांगत होते की मी शाळेला आग लावीन. हे खाली पीठ पडतं तिथे उभे. तेही ओरडले. आणि तेवढ्यात लाईन गेली.

ज्यांच्या घरी चक्की नाही त्यांना हे समजायचं नाही. यंत्र बंद पडतं तेव्हा पट्टा कण्हत कण्हत थांबतो, पण आवाज एकदम खाली पडतो, आणि त्या वेळी माणूस ज्या जोरात बोलत असतो, त्या जोरात त्याचं वाक्य घरभर उभं राहतं. यांचं वाक्य उभं राहिलं: "मग ठेवू का तिले निवासी शाळेत?"

बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. आतल्या दारात सलोनी उभी होती, हातात मुरमुऱ्याची वाटी. मी तिच्याकडे पाहिलं. लाईन जाते तशी लगेच येतेही, ती आली. यांनी सवयीने बटन दाबलं. चक्की गरजली, आणि त्या गरजण्यात मी ओरडले, नाही, कद्धी नाही, माझी पोरगी कुठे जाणार नाही. माझं उत्तर मलाच ऐकू आलं नाही. दारात पाहिलं तर सलोनी नव्हती. अंगणात गेली असेल खेळायला, असं वाटलं. संध्याकाळी ती नीट जेवली. गोष्ट तिथे संपली, असंच आम्हाला वाटलं.

दुसऱ्या सकाळी फोन थरथरला. कोवे मॅडम रडत होत्या. "काकू, सलोनी वर्गात नाही. दप्तर पण नाही. मी फळ्याकडे वळले होते फक्त."

त्या आठवड्यात वाघ फिरत होता. आमच्याकडे तो फिरतोच, त्यात नवल नाही, पण मोहाच्या दिवसांत त्याची भीती वेगळी. माणसं पहाटे वाकून फुलं वेचत असतात, आणि वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, असं सगळे म्हणतात. फॉरेस्टवाले दवंडी देऊन गेले होते, एकट्यानं जाऊ नका. मी चक्की सुरूच टाकून निघाले. पायात चप्पल नव्हती हे मला नंतर तळवे पाहून कळलं. बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या काठावर पाहिलं. देवळामागे पाहिलं. रुळाकडे पाहिलं. सगळीकडे तो वास, गोड, गोड, गोड. आणि मी हाका मारत होते. एवढा मोठा माझा आवाज, धान भरडायचं यंत्र त्याच्यापुढे हार खातं, पण ती पोरगी नावाला ओ देत नाही हे मला माहीत होतं. तरी ओरडत होते. दुसरं काय करणार?

सीताबाईच्या झाडाखाली ती होती. सीताबाई आपली फुलं वेचून घरी वळली होती, आणि ही त्याच्यानंतर तिथे पोचलेली, एकटी. पुस्तकं आणि वह्या काढून सागाच्या मोठ्या वाळल्या पानावर नीट रचून ठेवलेल्या. दप्तर उघडं, आणि ती दोन्ही हातांनी त्यात मोहफुलं भरत होती. ओली, पिवळी, फुगलेली फुलं. दप्तराच्या कापडातून रस झिरपत होता.

मला मारायचं होतं तिला. खरं सांगते, हात उचलला होता. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, थांबा ना थोडं. अजून जागा हाये."

हात तसाच राहिला. "काय करून राह्यली तू इथी?"

"भरून राह्यलो."

"कशाले?"

"तिकडे न्याले." ती पुन्हा वेचायला वाकली. "सीताकाकू म्हणे, मोहा वर्षभर टिकते. तिकडं रात्री भूक लागली तर खाईन."

"तिकडं कुठी?"

"तुम्ही ठेवून राह्यले ना मले. निवासी शाळेत."

मी खाली बसले. रडले. भोकाड पसरून रडले, लाज वाटेल असं. ही पोरगी पळून गेली नव्हती. जायची तयारी करत होती. आम्ही तिला पाठवणार हे तिने रात्रभरात मानून टाकलं होतं, आणि मानून झाल्यावर उपाशी राहू नये एवढंच पाहत होती. आम्हाला एक शब्द विचारला नाही. विचारायचं असतं हेच तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

माझं ओरडणं ऐकून सीताबाई परत धावत आली, मागून दोन-चार माणसं काठ्या घेऊन. सीताबाईने दप्तरात पाहिलं आणि तिला भलतंच दिसलं. "अव माय! ओलंच भरलं! सडून जाईन ना ते!" सलोनी घाबरली. माझ्या रडण्याने घाबरली नव्हती, त्याने घाबरली. तिने भराभर दप्तर माझ्या पदरात रिकामं केलं. "मग का करा लागते, काकू?" "वाळवा लागते. कडक उन्हात, पाच-सहा दिवस. रोज हालवा लागते." सलोनीने माझ्याकडे पाहिलं, इतके दिवस मिळतील का, असं. मी म्हटलं, "मिळतीन. चाल घरी."

हे मोटारसायकलवर आले तेव्हा आम्ही बांधावर होतो. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी पानावरची पुस्तकं उचलली, एकेक पुस्तक शर्टाला पुसलं आणि पिशवीत ठेवलं. एवढं होईपर्यंत माणूस किती म्हातारा दिसू शकतो ते मी पाहिलं. घरी आलो. चक्की तशीच घरघरत होती, रिकामी. यांनी मेन स्विच खाली ओढला. पट्टा थांबला, आवाज पूर्ण गेला, तोवर ते थांबले. मग सलोनीसमोर खाली बसून म्हणाले, "काल मी इचारलं होतं. ठेवू का, म्हणून. तुह्या आईनं नाई म्हटलं. मी बी नाई म्हणतो."

सलोनी म्हणाली, "मले नाई ऐकू आलं."

"आता आलं का?"

तिने मान हलवली, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. तो असा एका सकाळी येत नाही. तिने मोहफुलं छपरावर पसरली आणि दिवसभर शिडीवर बसून कावळे हाकलले. तेव्हापासून आमच्या घरात काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी चक्की बंद होते. दळणाला बसलेले लोक कुरकुरतात. कुरकुरू दे.

दुसऱ्या दिवशी मी सलोनीचा हात धरून शाळेत गेले आणि तिच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसले. मोठे सर आले. "बाई, असं नाई चालत." मी म्हटलं, "सर, तुम्ही म्हटलं ना, काई झालं तर? काई होऊ नये म्हणून बसली हावो." ते माझ्या आवाजानेच अर्धे मागे सरले असतील. कोवे मॅडमनी वर्गाचं दार उघडं ठेवलं आणि सलोनीची जागा दारापाशी केली. हजेरीला नाव पुकारण्याऐवजी त्या नुसतं तिच्याकडे पाहून हसायच्या आणि पुढे जायच्या. खिचडी वाटणाऱ्या बाईला त्यांनी सांगून ठेवलं, हिला मागायच्या आधी दुसऱ्यांदा वाढा. हे कुठे शिकलात, मी विचारलं. म्हणाल्या, "कुठे नाही काकू, मलाच भीती वाटते हो रोज." मला त्यांचं हे फार आवडलं.

आमची चक्की सकाळी बंद. गावाने बोंब मारली. मी म्हटलं, दुपारी या. व्हरांड्यात मी निवडायला मूग घेऊन बसायची. माझ्या कपड्यांतून मिरची जात नसे, वर्गातली लेकरं शिंकायची, आणि मला 'मिरचीवाली काकू' असं नाव पडलं. सलोनी दर थोड्या वेळाने बाहेर यायची. काही बोलायची नाही. माझ्या खांद्याला बोट लावायची, मी खरी आहे का ते पाहायला, आणि आत जायची. मला तिथे बसून कंटाळा यायचा, कंबर मोडायची, रागही यायचा, सगळ्या जगाचा. हे असं किती वर्षं? कोणी सांगेल का? कोणी सांगत नव्हतं. समोर मैदान, ऊन, झळा, आणि वाऱ्यासोबत तो वास. मी मूग निवडत राहिले.

मग एकदा ती बराच वेळ आली नाही. माझा जीव वर-खाली. उठून खिडकीतून पाहिलं तर ती शेजारी बसणाऱ्या आचलच्या वहीत डोकं घालून बसली होती. दोघी कशाला तरी खुसुखुसू हसत होत्या. परीक्षा झाली. तिने अर्धाच पेपर लिहिला आणि उरलेल्या कागदावर बैल काढला. मोठे सर म्हणाले, "पाहू पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी पुन्हा फोन आले, पुन्हा वह्या फाटल्या, चौथीत एकदा तिने शाळेची काचही फोडली. हे सगळं सरळ होत गेलं, असं मी सांगणार नाही. पण तिला पाठवण्याची गोष्ट कोणी काढली नाही.

आता यंदाचं सांगते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे नागभीडला बसने जा, नाहीतर वसतिगृहात राहा. गेल्या महिन्यात मी दळणात होते, सलोनी आली आणि तिने स्वतः स्विच खाली ओढला. म्हणाली, "आई, आचल हॉस्टेलात जाते. मी बी जातो."

मी म्हटलं, "काऊन? इथी का कमी हाये?"

"कमी नाई वं. आचल जाते. तिथी लायब्ररी हाये. कबड्डीचं मैदान हाये."

ही ती पोरगी! मला हसू यावं की रडू, तेच कळेना. मी नाही म्हणणार होते, ओठांवर आलं होतं. ज्या गोष्टीसाठी मी शाळेला आग लावायला निघाले होते, तीच गोष्ट घेऊन ही माझ्यासमोर उभी, आणि डोळ्यांत चमक. हे म्हणाले, "पाहून तर येऊ." तेव्हापासून मला झोप नाही. जाऊ दिलं तर आपण पाठवली, असं होईल का? नाही म्हटलं तर आपण धरून ठेवली, असं होईल का? दळण दळताना हेच फिरतं डोक्यात. परवा एका बाईच्या हळदीत मी धणे ओतले.

गेल्या आठवड्यात आम्ही ते वसतिगृह पाहायला गेलो. मी काय पाहिलं? खिडक्यांचे गज. दाराच्या कड्या, आतून लागतात का बाहेरून. स्वयंपाकघर, भाताचं पातेलं किती मोठं आहे. न्हाणीघर. एका खोलीत रांगेने लोखंडी खाटा पाहिल्या आणि मी दारातूनच मागे फिरले. मी यांना म्हटलं, "चला घरी. नाई पाठवायची."

बाहेर व्हरांड्यात तिथल्या गृहप्रमुख बाई खुर्चीत बसल्या होत्या, चष्मा लावून, जरा कडकच. सलोनी त्यांच्यासमोर उभी होती, एकटी, कंबरेवर हात ठेवून, अगदी मी भांडते तशी.

"शनिवारी घरी सोडता का?" ती विचारत होती.

"महिन्यातून एकदा सोडतो," बाई म्हणाल्या.

"एकदा नाई जमणार. मले दर शनिवारी घरी जा लागते."

"दर शनिवारी? काऊन? घरी काय काम असते एवढं?"

"काम काई नाई," सलोनी म्हणाली. तिला तो प्रश्नच समजला नव्हता, असा तिचा चेहरा. "माह्यं घर हाये."

मी भिंतीच्या आडोशाला उभी राहिले. यांनी आपला रुमाल माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहीला नाक पुसलं. बाई काय म्हणाल्या, ते मी ऐकलंच नाही.